मिक्सरचा व्हिडिओ

सुदामा नगरातल्या विजेच्या दुकानात बाळकृष्ण ट्यूबलाइट बदलून घ्यायला उभा होता. पुढे एक काकू होत्या, आणि त्यांचं बोलणं आटोपल्याशिवाय आपला नंबर लागत नाही, हे त्याने ओळखलं.

"भिया, अमेरिकेची पिन द्या. मुलाकडे चालले आहे."

"ही घ्या. काय लावणार, काकू?"

"मिक्सर. तीन वर्षांपूर्वी सुनेला इथूनच पाठवला होता. म्हणते, चालतच नाही. आता मीच चालवून दाखवते."

"बरोबर म्हणतात त्या. पिनेने फक्त भोकं जुळतात. तिकडची लाइटच आपल्या निम्मी असते. मिक्सर फिरेल, पण रडत-रडत. चटणी नाही व्हायची."

"मतलब, नवा असला तरी?"

"नवा असला तरी."

"तिने व्हिडिओ पाठवला होता हो. पातं हळूहळू फिरतंय, खोबरं तसंच्या तसं."

"मग?"

"मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, आमच्या संहिताला वाटणाचा आळस, म्हणून एक नंबरवर ठेवून शूटिंग करते. काय हसले सगळे!"

"पिन बांधू का? मोबाइलच्या चार्जरला चालेल."

"भिया, ग्रुपवरचं सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतं ना?"

"दोनेक दिवसांतलं येतं, काकू."

बाळकृष्णाने ट्यूबलाइट दुसऱ्या हातात घेतली.

"तीन वर्षं झाली. आणि त्याच्याखाली तिनेसुद्धा अंगठा टाकलाय."