भिजू नये म्हणून

दवाखान्याच्या पत्र्याला पाऊस नुसता बदडत होता. ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीत राहणारी शिंपीणबाई नंबरची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारी दोघी जावांचं चाललं होतं.

"एवढी काय घाबरतेस गं? मामंजींचा कंप्युटर आहे की ओढ्यावर."

"आहे खरा."

"तळहाताएवढा जीव, पण पाणी चढलं की भोंगा वाजवून वस्ती डोक्यावर घेतो. वीज नको, काही नको, सोलरवर चालतो बिचारा."

"मामंजी पोटच्या पोरासारखा जपतात त्याला."

"मग आज अजून वाजला कसा नाही? सकाळीच घाटाची पायरी बुडाली होती."

"जाऊबाई, मामंजींना बोलणार नाही ना?"

"काय झालं?"

"आभाळ भरून आलं की ते त्याला काढून घरी आणतात. पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवतात. भिजून बिघडला तर वस्तीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं, म्हणतात."

"दर पावसात?"

"दर पावसात."

आतून शिंपीणबाईचा नंबर पुकारला. तिच्या कानाला फोन होता.

"मशीन राहू दे गं. आजीला घे आणि आधी वर शाळेत जा. नाही, भोंग्याची वाट बघू नकोस!"