पंचांची पाठ

अगं, नागपंचमीच्या कुस्त्यांना यंदा पंच कोण, तर आमचे हे! कारण काय, शास्त्रीजी कुणाची बाजू घेत नाहीत. माझा जीव आदल्या दिवसापासून खालीवर. म्हटलं, "अहो, गंगेपलीकडचे ते रामनगरचे पहिलवान तापट. पदरात तान्हं आहे आपल्या, नाही म्हणा."

"घाबरतेस काय? नियम एकच. ज्याच्या पाठीला माती, तो हरला."

झालं काय, रामनगरचा पहिलवान धाडकन पडला. त्याचे लोक म्हणाले, पडलाच नाही. हे म्हणाले, "पाठ दाखवा." तर तो "हर हर गंगे" म्हणत थेट पाण्यात! श्रावणातली गंगा फुगून आखाड्यापासून दोन पायऱ्यांवर आलेली. वर आला तो पाठ लख्ख. "देखिए पंडितजी, कहाँ है मिट्टी?"

मी आपल्या घाटावरच्या गच्चीवरून बघतेय. बंदोबस्ताला आलेले गोऱ्या साहेबाचे शिपाईसुद्धा पोट धरून हसतायत. मग गर्दी एकदम पुढे सरकली आणि हे दिसेनासे झाले.

दिवेलागणीला आले.

"काय हो, निकाल?"

"दिला. रामनगरवाला हरला म्हणालो. सगळ्यांनी मुकाट ऐकलं."

"अंगावर नाही ना आलं कुणी?"

"शास्त्र्याच्या अंगावर? छट्!" असं म्हणत हे उपरणं खुंटीला लावायला वळले.

मानेपासून कमरेपर्यंत आखाड्याची माती!

मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, "अहो, येता येता तुम्हीही एक बुडी मारायची होतीत."