सावंतांचा मुका कॉम्प्युटर

हसू नका, माझ्याच हातून झालंय हे. आमच्या वरळीच्या ऑफिसात मी सगळे कॉम्प्युटर असे लॉक केले की ज्याचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, माझ्या यादीत आहे तोच प्रोग्राम चालणार. फाइल जराशी बदलली तरी बंद.

आमच्या सावंतांना दिसत नाही, स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम लागतो. तो रविवारी अपडेट झाला, ठसा बदलला. सोमवारी संध्याकाळी बघतो तर सावंत सकाळपासून हेडफोन लावून नुसते बसलेले.

मी चिडलो. "अहो, मला फोन करा म्हणून स्क्रीनवर मेसेज आलाय ना!"

"आला असेल रे. वाचून कोण दाखवणार? मला वाटलं, कामावरून काढलं. विचारायचा धीर होईना."