'होय'वरची चिकटपट्टी

—नाही नाही काकू, माऊसला हात नको! एंटरला तर मुळीच नको. तिकडच्या स्टुलावर बसा—डुगडुगतं, पण अजून कुणाला पाडलेलं नाही. ओळखीनं आलात म्हणालात ना, बरं, बरं. काय? स्क्रीनवर चिकटपट्टी का? सांगतो—आधी हे वाचा. 'डिस्क फॉरमॅट करू?' म्हणजे, आतलं सगळं पुसू? किती गोड विचारतंय! अहो, तुमची डिस्क ठणठणीत आहे. ड्रायव्हर म्हणजे डिस्कची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा मध्यस्थ—त्यानंच चुकीची ओळख करून दिलीय. मागे कधीतरी इथं मेमरी कार्ड लावलं असेल, तेच धरून बसलाय. एवढी मोठी डिस्क, आणि याला वाटतंय नखाएवढं कार्ड! मग आतलं वाचता येईना, मग म्हणे पुसू. नाचता येईना अंगण वाकडं! ती जुनी नोंद काढायची, मशीन बंद करून चालू करायचं, डिस्क पुन्हा लावायची—झालं. तोवर 'होय' दाबायचं नाही, बस. तो 'होय' बरोब्बर तिथंच उगवतो, म्हणून पट्टी.

कुणी दाबलं होतं का? दाबलं होतं ना एका शहाण्यानं. डिस्क गिऱ्हाइकाची—गिऱ्हाईक कसलं, माझी सख्खी बहीण, अक्का. दाजी जाऊन दोन महिने झालेले. शाळेत मास्तर होते ते—अंध मुलांसाठी धडे वाचून ठेवायचे. चार वर्षांचे धडे त्या डिस्कवर, मधेच खोकला, मधेच 'अगं, नळ बंद कर, रेकॉर्डिंग चालू आहे'. तेवढाच आवाज उरला होता तिच्याकडे. आणि मी खांद्याकानात फोन धरून कुणाशी तरी हसतोय, आणि हात—होय. वर तपासायची म्हणून अख्खी डिस्क शून्यांनी भरून काढली. काही म्हणजे काही राहिलं नाही, काकू.

तिला? तिला म्हटलं, डिस्कच खराब होती. 'तू तरी काय करणार रे' म्हणाली, वर मलाच पाणी आणून दिलं. तीन वर्षं झाली. भेटेल त्याला सांगते, भावानं माझ्यासाठी रात्रीचा दिवस केला. लाज वाटते हो, तिच्या घरी घास उतरत नाही—हं, आली बघा डिस्क! ओळखली. हा पहिलाच फोटो—ही नातच ना तुमची? पुढचे दोन दात पडलेली? सगळं जागच्या जागी आहे.

पण काकू, ओळखीनं म्हणजे—पाठवलं कुणी तुम्हाला?

...

तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी? म्हणजे अक्कानं? 'माझ्या भावाच्या हातात कुठलीच डिस्क मरत नाही'—असं म्हणाली?

ही घ्या. वायर पण घ्या. उठा, उठा आता, दुकान बंद करायचंय. बाराच वाजलेत? वाजू देत. तुम्ही जरा बाजारातून भाजीबिजी घेऊन सावकाश जा—तुमच्या आधी मला तिच्याकडे पोचायचंय. सरका काकू, शटर ओढतो.