पुराला विचारा

—नाही, त्या फळीवरची नका घेऊ, ती पाहुण्यांसमोर मिरवायची. घरच्या जेवणाला साधीच रेड वाइन लागते, पाच-सहा युरोंत झकास मिळते, अख्ख्या साराग्होसा शहरात कुणालाही विचारा. शिजवताय काय? कोंबडी? लाल ढोबळी मिरचीच्या रश्श्यात? वा, म्हणजे आमची चिलिंद्रोनच की! आणि जेवायला कोण? फाउस्तो? घड्याळं दुरुस्त करतात, ते? वर राहतात ते?

अस्सं. नाही, ओळखते म्हणजे — गल्लीत कोण कुणाला ओळखत नाही? मिरच्या मात्र भाजून, सोलून घ्या हं. साल दाताखाली आली की तो हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवतो, बोलणार काही नाही, पण ठेवतो. मला कसं माहीत? अहो, बायको गेली त्याची, तेव्हा कुणीतरी बघायला नको? तीन हिवाळे दर रविवारी इथेच, या मागच्या खोलीत, माझ्या हातचं जेवलाय तो. जेवायचा, "फार छान झालं होतं, पुरा" म्हणायचा — पुरिफिकासिओन एवढं लांब कोण म्हणतंय — की निघाला. एकदा तरी म्हणावं, आज तुम्ही वर या? नाव नको. मी म्हटलं, असतो एखादा बुजरा माणूस. तुम्हाला येऊन महिना तरी झाला का हो इथे? आणि स्वयंपाक कुठे, तुमच्याकडेच ना?

त्याच्याकडे? त्याच्या ओट्यावर? त्यानेच सांगितलं, इथेच करा म्हणून?

बरं. बरं, मग ही न्या. ओकच्या पिंपात मुरलेली, काळीकुट्ट, दमदार. आवडेल की, न आवडायला काय झालं! घाला पिशवीत. — काय म्हणालात? त्यानेच पाठवलं? इथे? "पुराला विचारा, मला काय चालतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही" — असं म्हणाला? हसून म्हणाला, की असंच?

आणा ती बाटली. आणा म्हणते ना इकडे! पिंपातल्या वाइनने डोकं धरतं त्याचं, दुसऱ्या दिवशी एक काटा धड बसवता येत नाही — हो, माहीत होतं मला, बघताय काय अशा? ही धरा. गार्नाचा नावाच्या द्राक्षांची, आपल्याच डोंगरातली, कोवळी, पिंप न बघितलेली. मिरचीच्या गोडीला हीच. जराशी गार करा, फार नको. आणि लगेच ओतू नका, आधी त्याला नुसता वास घेऊ द्या, डोळे मिटतो तो तेव्हा, लहान मुलासारखा दिसतो — बघालच तुम्ही.

पैसे तिथे ठेवा. दार ओढून घ्या. नाही, आणखी काही नाही सांगायचं मला. दुकान बंद करतेय मी. — हो, आत्ताच, भर गिऱ्हाइकाच्या वेळेला. माझं दुकान आहे.