सातशे एकोणीस तेवढा राहिलाय

...आणि वर मलाच हट्टी म्हणतात. मी एवढंच विचारलं, भाग जातो की नाही तेवढं सांगा. यात हट्ट कसला आला?

तुम्हाला सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भागाकार शिकले तो आमच्या जुन्या घरच्या फोन नंबरावर. पाच लाख एकतीस हजार चारशे एक्केचाळीस. तीननं भागा, आलेल्याला परत तीननं भागा, भागत राहा... थेट एकावर येऊन टेकतो, बाकी म्हणून कुठे नाही. असा गुणी नंबर सोडायचा, आणि मुलगा म्हणतो, "आई, माझ्याकडे या राहायला, बाबांच्याने ते तीन जिने होत नाहीत, इथे लिफ्ट आहे." अरे, लिफ्ट आहे, पण नंबर कसा आहे? मागून सूनबाई, "आई, फोन लागतो ना, बास." घ्या.

मी म्हटलं, नवा नंबर सांगा. कशानंही भाग जाऊ दे, येते. नाही गेला तर इथून हलायची नाही. मुलानं फोनवर सांगितला आणि आमच्या ह्यांनी रिसीव्हर कानाला लावून मोठ्यानं म्हणून दाखवला, "पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी." दोननं भागला, गेला. परत दोननं... गेला... इकडे भाजी करपली, पण तो आपला निम्मा निम्मा होत एकावर आला! मी गुमान भांडी बांधायला घेतली. शब्द म्हणजे शब्द.

आणि इथे आल्यावर काय? मी दिलेल्या ह्या नंबरावर धाकट्या बहिणीनं फोन केला तो लागला लाँड्रीत. "ताई, घसा बसलाय का गं?" असं त्या लाँड्रीवाल्यालाच विचारत होती. सुनेला विचारलं तर शेवटी अठ्ठ्याऐंशी नाहीच, सत्त्याऐंशी! ह्यांच्याकडे वळले, तर हे खिडकीतून ढग बघतायत.

"अहो, हा एक कुठून आणलात?"

"अगं, विषम होता, म्हणून घातला. सम असला की दोननं जातो, एवढं मलाही येतं."

एवढं येतं म्हणे! जन्मात सुट्टे नीट मोजता आले नाहीत ह्या माणसाला.

मग धरला मी सत्त्याऐंशीवाला. तीननं नाही, सातनं नाही, अकरानं नाही, तेरानं नाही... कोणाला आत घेतच नाही मेला. आता बघा, भागणाऱ्यांची जोडी असते, एक मोठा तर दुसरा लहान, आणि सातशे पंचवीसला सातशे पंचवीसनं गुणलं की नंबराच्या पुढे जातं, म्हणून सातशे चोवीसपर्यंत कोणी सापडला नाही तर पुढे बघायलाच नको. हे माझं मी शोधलंय. नाही सापडला की पैज माझी. जुन्या घराची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. उठा, चला.

पण हे आता रोज संध्याकाळी लिफ्टनं एकटे खाली जातात हो. बाकावर चार म्हातारे जमवलेत. वर आले की कोण काय म्हणालं ते नकलांसकट सांगतात. तिथे जिन्याच्या धास्तीनं दाराबाहेर पाऊल नव्हतं टाकत.

आणि सकाळी चहाचा कप पुढे करून, हळूच, "काय गं, गेला का भाग?"

भाग जातो की नाही... "बघतेय," म्हणते मी. सगळे करून झाले, एक सातशे एकोणीस तेवढा राहिलाय. दोन मिनिटांचं काम. रोज विसरते.