निनावी फोनचे उत्तर

दवाखान्यात एका अधिकारी बाईंचे फोनवरील बोलणे ऐकून माझ्या शेजारी बसलेली शिवणकाम करणारी स्त्री एकदम त्यांच्याकडे वळली. त्या दोघींचा संवाद येथे जसाच्या तसा उतरवीत आहे.

“माझी पणजी, आजी, आई, तिघींनी कपड्यांच्या कारखान्यात तोंड मिटून काम केलं. तोंड उघडलं ते मीच, कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर. तिकडून तुम्हीच बोलत होता ना? आवाज ओळखला मी!”

“पाच देशांतल्या तक्रारी माझ्याकडेच येतात. आपण कोण?”

“खडूस मावशी. खरं नाव सांगायची छाती झाली नव्हती.”

“अगंबाई! आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप!”

“तेच. नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती. तुमचे फार उपकार आहेत, बाई.”

“तक्रार कुणाची, म्हणून मोठ्या साहेबांनी खोदून खोदून विचारलं. म्हटलं, खडूस मावशी, लिहून घ्या!”

“मेलं, तुम्हीही कमालच! पण कुलूप निघालं का हो? आमच्या यांची बदली झाली, गाव सुटलं, काही कळलंच नाही.”

“आणि निनावी माणसाला कळवायचं कसं, ही माझी रुखरुख. मावशी, त्याच आठवड्यात निघालं. मग पाचही देशांतल्या कारखान्यांची तसली दारं उघडून घेतली. पुढे एका कारखान्यात खरोखर आग लागली. बायका तसल्याच उघड्या दारानं बाहेर आल्या.”

“सगळ्या?”

“एकूण एक.”